कोणी पाहिलं का?

बाथरूमला आतून कडी लावायची नाही, हा आता आमच्या घरातला नियम आहे. दार नुसतं लोटून घ्यायचं. आत जाताना स्वयंपाकघराच्या दिशेनं "मी अंघोळीला जातेय गं" असं मोठ्यानं सांगायचं. सून ओट्यापाशी असली की "हो आई" म्हणते. तो आवाज आल्याशिवाय पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेववत नाही. साठी ओलांडल्यावर असं सांगून आत जाणं सुरुवातीला फार जड गेलं. कडी ही केवढी मोठी गोष्ट असते, ते ती गेल्यावर कळतं. भरल्या घरात वाढलेल्या आमच्या पिढीच्या बायकांना दिवसभरात स्वतःची अशी जागा मिळायची, ती त्या कडीच्या आतच. तिथे रडून घेता यायचं, गुणगुणता यायचं, काहीही न करता घटकाभर उभं राहता यायचं.

ही कडी गेली चैत्रातल्या एका दुपारी, वाईच्या एसटी स्टँडबाहेर. साताऱ्याची गाडी लागायला वेळ होता. रसवंतीच्या ताडपत्रीखाली सावली होती, पण बाकं भरलेली, म्हणून मी उभीच होते. चरकाला बांधलेली घुंगरं वाजत होती. रसवाल्यानं पिळलेलं कांडं दुमडून त्यात लिंबू आणि आल्याचा तुकडा घातला आणि पुन्हा चरकात सारलं. मी पर्समधून सुटे पैसे काढत होते. मला वाटतं, दहाची नोट हाताला लागली होती. मग पर्सचा आतला भाग दिसेनासा झाला. नजरेच्या कडांकडून करडं काहीतरी आत सरकत आलं, त्याचं काळं झालं, आणि मला काहीच दिसेना. घुंगरं मात्र ऐकू येत होती, अगदी स्वच्छ, आधीपेक्षाही जवळून. कपाळावर गार घाम आला होता. कशाला तरी धरायला हवं, असा विचार आला. तो पुरा झाला की नाही, ते मला माहीत नाही.

त्यानंतर ताडपत्रीची खालची बाजू. तिला पडलेली दोन भोकं आणि त्यांतून येणारं ऊन. माझे केस ओले होते, कोणीतरी तळपाय चोळत होतं आणि एक अनोळखी मुलगी अगदी तोंडाशी वाकून विचारत होती, "मावशी, नाव काय तुमचं? नाव सांगा ना."

मी नाव सांगितलं, गावही सांगितलं. मला तर वाटत होतं की मी आत्ताच, या क्षणी पर्समध्ये हात घातला आहे. झोपेतून उठल्यावर काही काळ गेला आहे हे अंगाला कळतं. इथे तसं काहीच नव्हतं. पोथीतलं एक पान गळावं आणि पुढच्या पानावरचं वाक्य मागच्या वाक्याला तसंच जोडून वाचलं जावं, तसं ते होतं. मध्ये काही होतं, हे मला इतरांनी सांगितलं म्हणून माहीत.

आणि इतरांचं सांगणं एकसारखं नव्हतं. रसवाला म्हणाला, "अर्धा मिनिट पण नाही झालं ताई." शेजारी गजरे विकणाऱ्या बाई म्हणाल्या, पाच मिनिटं तरी मी निपचित होते, आणि हातपाय झाडत होते. त्यांनी एकाला कांदा आणायला पिटाळलं होतं. ती मुलगी म्हणाली, डोळे उघडे होते, म्हणून तिला फार भीती वाटली. एक गृहस्थ ठामपणे सांगत होते, की बाई आधी खाली बसल्या आणि मग कलंडल्या. माझ्या उजव्या कोपराला खरचटलं होतं, डोक्याला काही लागलं नव्हतं. त्यावरून ते गृहस्थ बरोबर असावेत.

आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, तो दुखण्याबद्दल नव्हता. "पडताना कोणी पाहिलं का? बरोबर कोण होतं?" बरोबर कोणीच नव्हतं. मग ते मला विचारत राहिले. आधी मळमळलं होतं का, घाम आला होता का, छातीत फडफडलं होतं का. त्यानंतर त्यांच्या प्रश्नांनी ते वळण घेतलं, जिथे माझ्याकडे उत्तरच नव्हतं. चेहरा पांढरा पडला होता की निळसर? आधी पडलात आणि मग हातपाय हलले, की आधी झटके आले? ते दोन्ही बाजूंना सारखे होते की एकाच? शुद्धीवर आल्यावर किती वेळात नीट बोलायला लागलात? स्वतःच्याच देहाबद्दलच्या साध्या प्रश्नांना मी "माहीत नाही" म्हणत गेले. आयुष्यभर वर्गात मुलांना प्रश्न विचारलेली मी, त्या खुर्चीवर अगदी रिकामी बसले होते. शेवटी डॉक्टर मुलाला म्हणाले, "त्या रसवाल्याचा नंबर मिळतो का बघा." मुलगा वाईला गेला, रसवाल्याला शोधून काढलं आणि तिथूनच फोन लावून दिला. माझ्या ईसीजीच्या पट्टीपेक्षा जास्त वेळ डॉक्टरांनी त्या फोनला दिला.

घरात कारणं भराभर जमा झाली. जाऊ म्हणाली, नजर लागली. तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि मी त्या ओवाळू दिल्या. तिच्या हातात माझ्याविषयीची काळजी होती, तिला नाही म्हणावंसं वाटलं नाही. यांच्या मते पित्त. सुनेच्या मते चैत्रातले उपवास. मुलगा म्हणाला, "आई, तू सकाळपासून पाणी किती प्यायली होतीस?"

या प्रश्नापाशी मी थांबले. पाणी मी प्यायलेच नव्हते. प्रवासाला निघताना मी कधीच पीत नाही. माझ्या ओळखीची कुठलीही बाई पीत नाही. सकाळी निघताना अर्धा कप चहा, आणि मग मुक्कामाला पोचेपर्यंत फक्त ओठ ओले करायचे. स्टँडवरच्या स्वच्छतागृहांची अवस्था, तिथे जाताना सामान कोणाकडे ठेवायचं हा घोर, आणि आपण आत असताना गाडी सुटेल ही धास्ती, या सगळ्यावर आमच्या आयांनी काढलेला हा उपाय आम्ही न बोलता उचलला. शाळेच्या सहलीला जाताना आम्ही शिक्षिका एकमेकींना बाटली पुढे करायचो आणि प्रत्येक जण मान हलवायची. उन्हाळ्यात, रक्तदाबाची गोळी घेऊन, उपाशीपोटी आणि कोरड्या शरीरानं तासन्‌तास उभं राहायचं, आणि याला कोणी आजाराचं कारण म्हणणार नाही, कारण ती आमची वागण्याची रीत आहे. ही रीत मोडली पाहिजे, असं मी आता भेटेल त्या बाईला सांगते. स्टँडवर स्वच्छ, पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह असणं ही औषधाइतकीच गरजेची गोष्ट आहे.

पण हेच कारण होतं का? डॉक्टरांनी मला कागदावर रेघा काढून समजावलं. माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त खाली, पायांत आणि पोटात उतरतं. शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळतं, नाडी वाढवतं आणि ते रक्त वर ढकलतं. आपण दिवसातून कितीदा उठतो-बसतो, प्रत्येक वेळी हे काम आपल्याला न विचारता होतं. कधी कधी मात्र उलटी आज्ञा सुटते. मेंदूच्या देठापासून निघून मानेतून हृदयाकडे आणि पोटाकडे उतरणारी व्हेगस नावाची एक लांब नस आहे. तिच्याकडून हृदयाला हळू चालण्याचा निरोप जातो, त्याच वेळी रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब कोसळतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. त्याला सात-आठ सेकंद रक्त मिळालं नाही, की शुद्ध जाते. डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असतो, म्हणून रक्ताचा दाब उतरला की डोळ्याच्या पडद्याला पहिली झळ बसते, आणि दिसणं ऐकण्याच्या आधी जातं. घुंगरं मागे का राहिली, ते मला तेव्हा कळलं. पडणं हाच त्यावरचा शरीराचा उपायही असतो. आडवं झालं की डोकं हृदयाच्या पातळीला येतं आणि रक्त पुन्हा पोचतं.

हे ऐकताना मला शाळेचं मैदान आठवत होतं. पंधरा ऑगस्टला पाहुण्यांचं भाषण लांबलं, की सातवी-आठवीच्या रांगेतून एखादी मुलगी हमखास खाली बसायची. पांढरा गणवेश, दोन वेण्या, आणि ओठांचा रंगच उडालेला. आम्ही तिला उचलून व्हरांड्यात न्यायचो, ग्लुकोजचं पाणी द्यायचो, आणि दहा मिनिटांत ती लाजून हसायला लागायची. एनसीसीचे सर त्यांच्या मुलांना सांगायचे, सावधान उभे असाल तरी बुटातल्या बुटात बोटं हलवत राहा, पोटऱ्या आवळत राहा. पोटरीचा स्नायू आवळला की पायातलं रक्त वर चढतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक असावं. त्या मुलींच्या बाबतीत कारण शोधायला कोणी बसलं नाही. सकाळी खाल्लं नसेल, एवढं म्हणून विषय संपायचा. बारा वर्षांच्या मुलीला ते उत्तर पुरतं.

मला पुरत नव्हतं, त्याला कारण माझे धाकटे काका. चाळिशीतले, धडधाकट. संध्याकाळी पाणी धरायला मळ्यात गेले आणि बांधावर सापडले. "हार्ट" असं गावानं ठरवलं. कोणी साप म्हणालं, पण दंश दिसला नव्हता. पाहणारं कोणी नव्हतं, आणि त्या काळी तपासणीचा आग्रह धरणारंही कोणी नव्हतं. आजी पुढची कितीतरी वर्षं विचारत राहिली, "त्यानं हाक मारली असेल का रे?" डॉक्टरांनी घराण्यात कोणी अचानक गेलं आहे का असं विचारलं, तेव्हा मी काकांबद्दल सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली.

त्यानंतर तपासण्या वाढल्या. हृदयातल्या विजेची लय बिघडून शुद्ध जाते, तेव्हा बहुधा आधी काही कळत नाही. माणूस बोलता बोलता, कधी बसल्या जागी किंवा झोपलेलाही, एकदम विझतो. त्या मानानं माझा घाम, माझी अंधारी ही चांगली लक्षणं होती, पण खात्री करायला हवी होती. एकोनंतर दिवसरात्र छातीवर वागवायचं होल्टर यंत्र आलं. नॉर्मन होल्टर या अमेरिकी संशोधकानं १९४७च्या सुमारास पहिल्यांदा असं यंत्र बनवलं, तेव्हा ते पाठीवर घ्यावं लागायचं आणि त्याचं वजन ३८ किलोच्या आसपास होतं. माझं काडेपेटीएवढं होतं, ब्लाउजच्या आत मावलं. मग पुण्याला नेऊन एका टेबलावर पट्ट्यांनी बांधलं आणि टेबल उभं करत करत साठ-सत्तर अंशांपर्यंत नेलं. तशी उभी असताना मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते आणि मनापासून इच्छा करत होते, की आता यावी चक्कर, इथे, या सगळ्यांसमोर. आली नाही. साखर ठीक, सोडियम ठीक, मेंदूचा आलेख ठीक. सगळे कागद चांगले आले आणि घरी सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी एकटीच त्या फायलीकडे बघत बसले. सगळं ठीक असताना मी नव्हते, ती वेळ मग कसली होती?

आपल्या पुराणांतल्या मूर्च्छा किती सरळ असतात. लक्ष्मणाला शक्ती लागते आणि तो पडतो. कैकेयी वर मागते आणि दशरथ पडतो. कारण समोर उभं असतं. विनाकारण मूर्च्छेची गोष्ट कोणी सांगत नाही.

वडील वाईचे, संस्कृत शिकवायचे. त्यांच्या कपाटात ब्रह्मसूत्रांवरच्या शांकरभाष्याचा मराठी अनुवाद आहे. मूर्च्छेचा विचार तिथे सापडेल असं मला वाटलं नव्हतं, पण तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, दहावं सूत्र नेमकं यावरच आहे. जागेपण, स्वप्न, गाढ झोप आणि मरण या चार अवस्था सर्वांना माहीत आहेत, मग मूर्च्छा यांतली कुठली, असा तो प्रश्न. आचार्य एकेक दार ठोठावत जातात. हे जागेपण नाही, कारण त्या माणसाला विषयांचं ज्ञान नाही. कोणी म्हणेल, बाण घडवणारा कारागीरही बाणापलीकडे काही बघत नाही. पण त्याला निदान तो बाण दिसत असतो, आणि शुद्धीवर आलेला माणूस सांगतो की इतका वेळ मी गडद अंधारात होतो, मला काही कळलं नाही. स्वप्न म्हणावं तर जाणीवच नाही. मरण म्हणावं तर श्वास आहे, ऊब आहे. लोक छातीला हात लावून ऊब बघतात, नाकाशी हात धरून श्वास बघतात. मग झोप का म्हणू नये? तर झोपलेल्याचा चेहरा शांत असतो, श्वास एका लयीत चालतो, डोळे मिटलेले असतात. मूर्च्छित माणसाचा श्वास अडतो, अंग कापतं, चेहरा भेसूर दिसतो आणि डोळे सताड उघडे असतात. झोपलेला हात लावताच जागा होतो, हा घणानंही होत नाही. म्हणून ही अर्धी अवस्था. मरणाचं दार.

"डोळे सताड उघडे" या शब्दांपाशी मी पुस्तक खाली ठेवलं. वाईची ती मुलगी हेच सांगत होती. बाराशे वर्षांपूर्वी कोणीतरी पडलेल्या माणसाशेजारी बसून नीट पाहिलं होतं. अंग कापतं, हेही. गजरेवाल्या बाईंनाही तेच दिसलं होतं, आणि आम्ही ते ऐकून फीटच्या भीतीनं घाबरलो होतो. हातपाय हलले म्हणजे फीटच, असं आपण धरून चालतो. १९९४ साली जर्मन डॉक्टरांनी निरोगी तरुणांना मुद्दाम भोवळ आणवून त्यांचं चित्रण केलं होतं. शुद्ध हरपलेल्या ४२ जणांपैकी ३८ जणांच्या हातापायांना झटके आले, बहुतेकांचे डोळे उघडे राहिले, आणि बेशुद्धी सरासरी बारा सेकंदांची होती. बारा सेकंद. बघणाऱ्याला ती पाच मिनिटं वाटतात, यात गजरेवाल्या बाईंचा काय दोष? अनोळखी बाईचे उघडे, न बघणारे डोळे समोर असताना कोण सेकंद मोजेल?

माझ्या आयुष्यातला तेवढा काळ माझ्याजवळ नाही. तो एका रसवाल्याजवळ आहे, गजरेवाल्या बाईंजवळ आहे, आणि नाव विचारायचं राहून गेलेल्या एका मुलीजवळ आहे. जन्म आणि मरण ही दोन टोकं इतरांच्याच ताब्यात असतात हे माहीत होतं. मधलाही एखादा तुकडा असा लोकांकडे राहू शकतो, याची कल्पना नव्हती. पहिल्या दिवसांत मला याची फार भीती वाटायची. रात्री अंथरुणावरून उठताना पाय खाली सोडून बसून राहायचे आणि अंधाराची कड आत सरकते आहे का ते बघत राहायचे. स्कूटर मुलानं खाली झाकून ठेवली आहे. ती मला परत हवी आहे. पुन्हा असं झालं तर छातीच्या कातडीखाली बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठं असं एक यंत्र बसवू, ते काही वर्षं हृदयाची नोंद ठेवेल, असं डॉक्टर म्हणाले आहेत. फाइलच्या शेवटच्या कागदावर निदानाच्या जागी "संभाव्य" असं लिहून पुढे व्हेगसचा उल्लेख आहे. गोळी बदलली आहे, पाणी पिते आहे. काकांबद्दल कोणालाच कधी काही सांगता येणार नाही.

मला सांगायचं आहे ते तुम्हाला, म्हणजे जे उभे असतील त्यांना. तुमच्यासमोर कोणी असं पडलं, तर आधी श्वास चालू आहे का बघा. नसेल तर १०८ला फोन लावा आणि छातीवर दाब द्यायला लागा. श्वास असेल तर त्याला आडवंच राहू द्या, उठवून बसवू नका, पाय थोडे वर धरा. अंगाला झटके येत असतील तर कुशीवर वळवा. दातांत चमचा घालू नका, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरू नका, पुरती शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. आणि बघा. घड्याळाकडे बघा, ओठांच्या रंगाकडे बघा, हातपाय आधी हलले की नंतर, डोळे उघडे होते की मिटलेले, नाव सांगायला किती वेळ लागला, ते लक्षात ठेवा. मोबाइलवर चित्रण करायचं असेल तर ते त्या माणसाच्या घरच्यांसाठी करा, दुसऱ्या कोणासाठी नको. तुमची गाडी लागली असेल, तुम्हाला जावं लागेल, हे मला कळतं. जाण्याआधी एका कागदावर तुमचा फोन नंबर लिहून त्याच्या पिशवीत ठेवा. डॉक्टरांना तो लागेल.